कळस दिसला, झालं की!

२०२५ च्या आषाढी वारीचा गोपाळकाला आटोपून पंढरपूरहून परतणाऱ्या एका आजींना एसटीत शेजारच्या पोराने विचारलं, "दर्शन झालं का?" आजी म्हणाल्या, "कळस दिसला, झालं की!" पोरगा मित्राकडे बघून हसला. "अडीचशे किलोमीटर चालून नुसता कळस?" तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे बाबा, वारकरी हे नाव वारीवरून पडलंय, दर्शनावरून नाही! वारी म्हणजे येरझार. ज्याला पुन्हा पुन्हा तिकडची ओढ लागते, तो वारकरी. एकादशीला पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. दिंडीतले बहुतेक लोक तिच्या वाटेलाच जात नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी, मान वर करून कळस. वारी पोचली.

आणि चालणं म्हणजे काय गंमत वाटली? पुणे ते सासवड, मध्ये दिवे घाट, एका दिवसात तीसेक किलोमीटर. टाचेला फोड येतात ते बहुधा इथेच, नव्या चपलेने नाहीतर भिजलेल्या मोज्यांनी. म्हणून जाणते लोक वापरून मऊ झालेली चप्पलच घालतात. फोड आलाच तर सुईने दोरा आरपार ओवून तसाच ठेवतात, पाणी झिरपून जातं. दोऱ्यावाटे जंतू आत जातात म्हणून डॉक्टर ओरडतात, तेही खरंच आहे. वारीत हौशे-नवशे असतात, हेही मान्य.

पण २०२० साल आठवा. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि माणसं घरी राहिली. "आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे" असं उंबऱ्यावर बसून बोटांवर मुक्काम मोजणारे म्हातारे तेव्हा घरोघरी होते. पाऊल उचललं नाही म्हणून त्यांच्या गळ्यातली माळ कुणी उतरवली? त्यांना वारकरी म्हणायचं नाही, असं कुणाच्या मनात तरी आलं?

त्या पोरावरचा राग आता उतरलाय. त्याला कुणी सांगितलंच नसेल.

आजी मात्र चिडल्या नव्हत्या. सुजलेला घोटा चोळत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यालाच म्हणाल्या, "पुढल्या साली अधिक जेठ हाय रं. वारी लांबणार." २०२५ ला एकादशी ६ जुलैला झाली, २०२६ ला अधिक ज्येष्ठ महिन्यामुळे २५ जुलैला. एकोणीस दिवस जास्त. आजींनी ते आधीच मोजून ठेवले होते.