तिसरा घोडा

पुण्याचा रेसचा सीझन पावसाळ्यातला, आणि आमचा कट्टा रेसकोर्सच्या इतका जवळ की शेवटची रेस सुटली की सगळी जत्रा आमच्यासमोरून जाते. जिंकलेला रिक्षा करतो, हरलेला पुलगेटपर्यंत चालत जातो, असं अप्पा म्हणतात. परवाच्या रविवारी चालणारेच जास्त होते. त्यातल्या कुणीतरी रेसचं पुस्तक माझ्या स्कूटरच्या पायदानावर टाकलं होतं. पावसानं फुगलेलं. एका पानावर चार नंबरच्या घोड्याला पेन्सिलीनं गोल केलेला, आणि मागाहून त्यावर अशी काट मारलेली की कागद खालच्या पानासकट फाटला होता.

मंदानं ते दोन बोटांत धरून उचललं. "मला 'लक'मधली ती चौकडी आठवली," म्हणाली.

झालं. कटिंगचे तीन राउंड त्यावर गेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : 'लक' ही एचबीओची मालिका. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवरची, आणि तिथेच चित्रित केलेली. लेखक डेव्हिड मिल्च, पहिला भाग मायकेल मानचा, पडद्यावर डस्टिन हॉफमन आणि निक नोल्टी. 29 जानेवारी 2012 ला रीतसर सुरू झाली, 14 मार्चला बंद केल्याचं जाहीर झालं, आणि 25 मार्चला नववा भाग लागला तो शेवटचा. चित्रीकरणाच्या काळात तीन घोडे दगावले, हे कारण. मंदा मालिकांचं एडिटिंग करते, तिनं हे नऊ भाग दोनदा बघितलेत. सच्यानं एकही बघितलेला नाही, त्यामुळे त्याचं मत सगळ्यात पक्कं होतं.

"घोड्याबिड्याचं निमित्त रे. कुणी बघत नव्हतं, म्हणून गुंडाळली. शंभर रुपये लाव."

"लावले," मंदा म्हणाली. "पहिल्या भागाला 11 लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. अमेरिकेच्या मानानं कमीच, कबूल. पण तो भाग लागून दोन दिवस होत नाहीत तोवर एचबीओनं दुसऱ्या सीझनला होकार दिला होता. आकडे बघून दिला होता, न बघता नाही. जाहिरातींवर चालणारं चॅनेल नाही ते, लोक महिन्याचे पैसे भरतात. टीआरपी पडला म्हणून रात्रीत सून मारायला ती काय आपली दुपारची मालिका आहे?"

दोघांनी शंभर-शंभर काढून अप्पांकडे दिले. अप्पांनी ते शर्टाच्या वरच्या खिशात घातले आणि खिशावर हात ठेवला. सवय. तीस वर्षं टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवर पैसे लावायच्या, खिडकीमागे बसून त्यांनी दुसऱ्यांचे पैसे घेतलेत, स्वतः एकदाही घोडा लावलेला नाही. "आतून बघितलं की लावावंसं वाटत नाही," एवढंच सांगतात.

त्यांनाच ती चौकडी कोण ते हवं होतं. मंदानं रंगवून सांगितलं. चार जुगारी, त्यातला म्होरक्या व्हीलचेअरवर, श्वास लागलेला, जगावर चिडलेला. एकाला घोड्यातलं अचूक कळतं आणि तोच रात्री पत्त्यांत सगळं घालवून येतो. ओळीनं सहा रेसचे विजेते आधीच सांगायचे असा तिथला एक डाव असतो, म्हणजे आपल्याकडच्या जॅकपॉटचा मोठा भाऊ. तो यांना लागतो. वीस लाख डॉलरच्या वर. आणि एवढा पैसा हातात आल्यावर हे काय करतात?

"घोडा घेतात," अप्पा म्हणाले.

"तुम्ही बघितलीय!"

"छे. पण दुसरं काय करणार?"

डेव्हिड मिल्चला हे आतून माहीत होतं, असं मला वाटतं. तो स्वतः घोड्यांचा मालक, त्याच्या घोड्यांनी ब्रीडर्स कपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या, शर्यती जिंकलेल्या. म्हणून त्या मालिकेत रेसची भाषा समजावून सांगायची भानगड नाही. कळली तर कळली. पहिले तीन भाग माझ्याही डोक्यावरून गेले होते. हॉफमनचा एस बर्नस्टीन तुरुंगातून सुटून आलेला, त्याला मालकीचं लायसन मिळणार नाही म्हणून घोडा ड्रायव्हरच्या नावावर, हे समजायलाच मला वेळ लागला. पण जनावर पागेतून बाहेर येतं, थांबतं, कान हलवतं, तेव्हा सगळी माणसं गप्प होतात. ते मात्र पहिल्यापासून कळत होतं.

डॉक्या इतका वेळ मोबाइलमध्ये होता. हा डॉक्टर जनावरांचा. गायीम्हशी जास्त, पण उमेदवारीची दोन वर्षं घोड्यांच्या पागेत काढलेली. "तीन घोडे तीन घोडे काय करताय," तो म्हणाला, "तिघांचं मरण एक नाही. पहिला 2010 मध्ये पायलटच्या, म्हणजे पहिल्या भागाच्या, वेळी, दुसरा 2011 मध्ये सातव्या भागाच्या वेळी. दोघेही शर्यतीच्या शॉटमध्ये पळताना जखमी झाले आणि त्यांना कायमचं झोपवावं लागलं. तिसरा पळत नव्हता."

"मग?"

"13 मार्चची सकाळ. पागेकडे परत नेत होते. मागच्या पायांवर उभा राहिला, तोल गेला, उलटा पडला, डोकं आपटलं. संपलं. हा अपघात कुठल्याही पागेत, कुठल्याही सकाळी होतो. मोतद्दाराच्या हातात दोरी असते आणि त्याला काही करता येत नाही. मी बघितलाय. आवाज लक्षात राहतो."

त्यानं हातातला ग्लास कठड्यावर ठेवला. जरा वेळ कुणी बोललं नाही.

"पण मग उलटंच झालं की," मी म्हटलं. "दोन घोडे रेसच्या शॉटमध्ये गेले तेव्हा मालिका चालू राहिली. तिसरा रेसशी संबंध नसताना गेला, आणि दुसऱ्या दिवशी मालिका बंद."

"म्हणूनच बंद," मंदा म्हणाली. "दुसरा गेला तेव्हा शर्यतींचं चित्रण थांबवलं, नियम कडक केले, पुन्हा सुरू केलं. पळताना मेला तर नियम करता येतो. कमी पळवा, आधी तपासा, थकलेला बाजूला काढा. चालताना मेला तर काय नियम करणार? घोड्यानं चालू नये?"

या कट्ट्यावर पंधरा वर्षांत जी काही शहाणी वाक्यं पडली असतील त्यात हे मी धरतो. एचबीओच्या निवेदनाचा सूरही तोच होता : आम्ही सगळी काळजी घेतली, तरी अपघात होतात, आणि पुढे होणार नाहीत याची हमी देता येत नाही. हमी देता येत नाही म्हणून बंद.

सच्या आता इरेला पेटला. "एक घोडा जखमी झाला तर मारायचा कशाला पण? पाय मोडला तर प्लास्टर घाला ना. माणसाचा मोडतो तेव्हा गोळी घालता का?"

डॉक्यानं खाली वाकून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. "हे मांस आहे ना, ते घोड्याला गुडघ्याखाली नाही. हाड, शिरा आणि कातडी. वर साडेचारशे-पाचशे किलोचं धूड. भरधाव पळताना एकेका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो, अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. हाड मोडतं ते कधीकधी काचेसारखं. बरं, जोडलं. आता त्याला महिनोन्‌महिने झोपवून ठेवता येत नाही, तीन पायांवर उभा राहणार. मग धड पायाचे खूर आतून सुजून सुटायला लागतात. बार्बारो नावाचा घोडा होता. 2006 ची केंटकी डर्बी, अमेरिकेतली मानाची शर्यत, जिंकला, दोन आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मागचा पाय मोडला. धातूची पट्टी बसवली, 27 स्क्रू मारले, आठ महिने देशभरातून लोक त्याला फुलं आणि गाजरं पाठवत होते. शेवटी दुसऱ्या पायांनी दगा दिला. 29 जानेवारी 2007 ला झोपवला."

"29 जानेवारी?" मंदा म्हणाली. "'लक' लागली तीच तारीख. बरोब्बर पाच वर्षांनी."

यातून काही निघत नाही, पण अंगावर काटा आला खरा.

"आणि ऐक," तिनं डॉक्याकडे वळून सांगितलं, "पहिल्याच भागात गोष्टीतला एक घोडा रेसमध्ये पाय मोडून पडतो. मैदानातच त्याला झोपवतात, तो नवखा जॉकी तिथेच असतो. टीव्हीवर घोड्याचं मरण इतक्या हळुवार कुणी दाखवलं नसेल. आणि त्याच पायलटच्या चित्रीकरणात खरा घोडा गेला. मी एडिट टेबलवर बसते ना, माझ्या डोक्यातून हे जात नाही. कुठल्या शॉटमध्ये कुठला घोडा, हे तिथल्या एडिटरला माहीत असणार."

अप्पा मघापासून खिसा धरून बसले होते. "मला एक सांगा. ते सांता अनिता बंद झालं का?"

नाही झालं. 1934 पासून चालू आहे, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, देखणं मैदान. युद्धात, 1942 मध्ये, जपानी वंशाच्या हजारो अमेरिकन लोकांना तिथे आणून कोंडलं होतं, कित्येकांना तर घोड्यांच्या ठाणांत. तेव्हा रेस बंद होत्या. 'लक' गेल्यावर मात्र रेस चालूच राहिल्या. पुढे 26 डिसेंबर 2018 ते जून 2019 या एकाच सीझनमध्ये तिथे 30 घोडे दगावले. मार्चमध्ये काही आठवडे रेस थांबवल्या, मैदानाची माती तपासली, औषधांचे आणि चाबकाचे नियम बदलले, पुन्हा सुरू.

"मालिकेला तीन, मैदानाला तीस," अप्पा म्हणाले. "मैदानाकडे हमी कोण मागतो? तिकिटावर लिहिलेलं नसतं."

आणि सिनेमाला लिहिलेलं असतं! 'यात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही' ही शेवटची पाटी. तिच्यामागे एक घोडाच आहे. 1939 च्या हॉलिवूडच्या एका सिनेमासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात लोटलं, तो मेला, लोक खवळले, आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशनची माणसं चित्रीकरणावर लक्ष ठेवायला लागली. 'लक'च्या सेटवरही तीच संस्था होती. तिसऱ्या घोड्यानंतर त्यांनीच सांगितलं, घोड्यांचं सगळं काम थांबवा. प्राणिमित्र संघटना तर आधीपासून मागे लागल्या होत्या. म्हणजे सेटवर मेलेला घोडा मोजायला माणूस नेमलेला होता. मोजलं म्हणून तीन झाले.

सच्याचं घर चाकणकडचं, घरी शर्यतीचे बैल. त्यामुळे गाडी बैलगाडा शर्यतीच्या घाटात येणार हे ठरलेलंच होतं. "2014 ला आमची बंद केली तेव्हा हमी मागितलीच की! कोर्ट म्हणालं, बैलाची अंगकाठी घोड्यासारखी पळायची नाही. घोडा पळायलाच जन्मलाय म्हणे. आता हा डॉक्या सांगतोय घोड्याचा पाय काचेचा. साडेसात वर्षं आमचे घाट ओस होते आणि इथे दर रविवारी टाय लावून रेस चालू. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तेव्हा आजोबा नव्हते."

"आणि शेपट्या पिरगाळायचात, टोचणी लावायचात, ते?" डॉक्यानं विचारलं.

"आम्ही नाही."

"कुणीच नसतं."

इथे दहा मिनिटं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. चहावाल्यानं मध्ये पडून दोघांना क्रीमरोल दिला.

माझं म्हणाल तर, ती मालिका बंद झाल्याचं मला वाईट वाटतं आणि बंद करायला नको होती असं म्हणवत नाही. शेवटच्या भागातली डर्बी बघताना दोन्ही एकदम वाटतं. दोन घोडे नाकाला नाक लावून येतात, माझा श्वास अडकतो, आणि लगेच मनात येतं की हा शॉट किती वेळा घेतला असेल. गोष्टीत मन लागत नाही मग. मालिका तिथेच संपली होती बहुतेक, पत्रक निघायच्या आधी.

एक जण मात्र सुटला. मालिकेत उतरणीला लागलेल्या, व्यसनी जॉकीचं काम केलं होतं गॅरी स्टीव्हन्सनं. हा खराच जॉकी, तीन केंटकी डर्बी जिंकलेला, 2005 मध्ये गुडघ्यांमुळे निवृत्त झालेला. मालिका गेली आणि 2013 मध्ये हा पन्नाशीचा गडी पुन्हा खोगिरावर चढला. त्या वर्षी प्रीकनेस ही मोठी शर्यत जिंकली, आणि नोव्हेंबरात ब्रीडर्स कप क्लासिक, तीही त्याच सांता अनितावर. हे ऐकून अप्पांनी पहिल्यांदाच मांडीवर थाप मारली. "याच्यावर मी लावले असते."

अंधार पडला. रस्त्यावरची गर्दी विरळ झाली. मंदानं हात पुढे केला. "अप्पा, माझे दोनशे. सीझन आधी मंजूर, घोडा नंतर, बंद त्याच्या दुसऱ्या दिवशी. सरळ आहे."

"थांब," सच्या म्हणाला. "एकाचं उत्तर दे. दर आठवड्याला दोन कोटी लोक बघत असते, तर तिसऱ्या घोड्यावर बंद केली असती?"

मंदानं तोंड उघडलं, मिटलं. डॉक्यानं मोबाइल काढला. मी स्कूटर पुसायला लागलो.

"ऑब्जेक्शन," अप्पा म्हणाले. "बोर्ड लागला. निकाल येईपर्यंत पैसे खिडकीतच."

"किती दिवस?"

अप्पा उठले, खिशातली एक नोट काढून चहावाल्याला दिली आणि सुटे परत खिशात टाकले.