साडेसात हजारांचे अठराशे

जुना फोन विकायच्या ॲपवर माझ्या फोनचा भाव साडेसात हजार. पिकअपला आलेला पोरगा सोफ्यावर बसला, आमच्याच घरचं पाणी प्यायला, फोन खिडकीपाशी उजेडात तिरका धरला आणि म्हणाला, "सर, अठराशे."

अठराशे! बावीस हजार मोजलेत मी, साडेतीन वर्षांपूर्वी. पहिल्या दिवसापासून कव्हर, ग्लास. एक ओरखडा नाही. खोकं आहे, बिल आहे, सिम काढायची ती सुईसुद्धा आहे! तर म्हणे, "बॅटरी वीक आहे, या मॉडेलचे अपडेट बंद झालेत, आणि स्क्रीनवर हिरवी रेघ आहे, सर."

रेघ मी पाडली का? रात्री कंपनीचंच अपडेट टाकून झोपलो, सकाळी रेघ हजर. सर्व्हिस सेंटरमध्ये नऊ हजार सांगितले. म्हणजे अपडेट दिलं तर रेघ येते, नाही दिलं तर भाव पडतो. दोन्हीकडून मार आम्हालाच.

आणि बॅटरी! नोकियाची बीएल-५सी आठवते? नखाने झाकण उघडा, जुनी काढा, नवी टाका, संपलं. आता बॅटरी गोंदाने चिकटवतात, काढायची तर आधी फोन शेकायचा. इयरफोनचं भोक बुजवलं, खोक्यातला चार्जर गिळला, आम्ही गप्प. फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड ठोकला, अपडेटने जुने फोन मंदावू शकतात हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही म्हणून. त्यातलं माझ्या साडेतीन वर्षांच्या डब्याला काय मिळणार? आईचा मिक्सर माझ्या मुंजीच्या वेळचा आहे, अजून शेंगदाण्याचं कूट करतो. त्याला कोण अपडेट देतंय?

हे सगळं मी त्या पोराला उभं राहून ऐकवलं. वर "भंगारवाला बरा, निदान तराजू तरी दाखवतो," हेही. त्याने शांतपणे खिशातून स्वतःचा फोन काढला. हेच मॉडेल. दोन रेघा.

मग काय बोलणार? त्याला चहा पाजला. फोन मात्र दिला नाही, तत्त्व म्हणून. ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथे आधीचे चार आहेत, तेही तत्त्व म्हणूनच ठेवलेले.

रात्री बायको झोपल्यावर हळूच ॲप उघडलं. या वेळी रेघ, बॅटरी सगळं खरं भरलं. सोळाशे पन्नास.