पन्नास हजारांचा बोर्ड आणि तळटीपा वाचायची हौस
अरे पन्नास हजार मोजून मदरबोर्ड, म्हणजे पीसीचे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, घ्यायचा आणि वर आपणच मॅन्युअलच्या तळटीपा वाचत बसायचं? एएमडी प्रोसेसरच्या बोर्डांवरचा एक्स ८७० ई चिपसेट (बाकीच्या भागांची जोडणी सांभाळणाऱ्या चिप) म्हणे नवीन, आत बघावं तर आधीच्या एक्स ६७० ई मधल्याच त्या दोन प्रोमोन्टरी २१ चिप, यूएसबी ४ हे वेगवान पोर्ट सक्तीचं केलं, झाली नवी पिढी! बॉक्सवर एसएसडी (स्टोरेज) बसवायचे पाच-पाच एम.२ स्लॉट मिरवतात, पण कित्येक बोर्डांवर दुसऱ्या जेन ५, म्हणजे जास्त वेगवान, स्लॉटमध्ये एसएसडी टाकली की ग्राफिक्स कार्ड गपकन डेटाच्या १६ लेनवरून (वाटांवरून) ८ वर, मग तो स्लॉट काय शोभेला दिलाय? रॅमचे चार स्लॉट आहेत ना, भरा की चारही, रायझन ७००० प्रोसेसरला एएमडीने दिलेला रॅमचा अधिकृत वेग ५२०० एमटी/सेकंदवरून थेट ३६००! आणि ती आरजीबी रंगीत रोषणाई... मला गेम खेळायचेत हो, गणपतीची आरास नाही करायची! नावं तर विचारूच नका, प्रो, एलिट, मास्टर, एक्स्ट्रीम, कोण कोणाच्या वर ते बनवणाऱ्यालाच माहीत. पीसी चालू होत नसेल तर एरर कोड दाखवणारा तो टिचभर दोन आकडी डिस्प्ले मात्र बहुतेक महागड्या बोर्डांनाच, बाकीच्यांनी काय, चार लुकलुकत्या दिव्यांकडे बघून अंदाज बांधायचा?