आकडा खरा की गोळी खोटी?

"खेड्यातले लोक गोळ्याच घेत नाहीत, बीपी-शुगर ताब्यात येईल कशी?" मेडिकलवाले भाऊ बोलले आणि पानठेल्याजवळच्या कट्ट्यावर वाद पेटला.

काटोलकडच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंनी तिथेच अडवलं. "गोळीचं नंतर पाहू भाऊ. आधी आकडा तरी खरा असते का? संत्र्याच्या तोडीवरून बाई थेट शिबिरात येते. बोटाला स्पिरिट पुसून टोचलं की शुगर भलतीच जास्त! रस बोटावर वाळलेला असते, तोच थेंबात उतरते. स्पिरिटनं तो नीट निघत नाही. साबण-पाण्यानं हात धुवा, कोरडे करा, मग टोचा."

"अन् शुगर मोजायच्या स्ट्रिपची डबी मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका," भाऊंनीच भर घातली. बहुतेक स्ट्रिपा 30 अंशांपर्यंतच टिकतात; आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको.

डॉक्टरकाका बीपीवर घसरले. "तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, उन्हातून चालत आलेला माणूस, स्टुलावर पाय लोंबकळत, पट्टा शर्टाच्या बाहीवर. जास्त नाही येणार तर काय?" (ठेलेवाल्याचा खर्रा घोटणारा हात क्षणभर थांबला.) खर्रा-चहा झाल्यावर अर्धा तास थांबायचं, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी जास्तच दाखवते. मिनिटभरानं पुन्हा मोजायचं.

"एवढ्या गर्दीत पाच मिनिटं कोण बसवून राहिलं?" भाऊ.

"रांग उभी काऊन ठेवता? खुर्च्या टाका नं. एकाचं मोजून होईस्तोवर मागचे दोघं बसलेलेच असतात," ताई.

याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

"मग सरळ एचबीए1सी करा, तीन महिन्यांचा हिशोब कळते," काका म्हणाले. खरी जुंपली ती इथे. ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींत चिकटलेली साखर मोजते; लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तो तीन महिन्यांचा हिशोब. पण विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. त्या आजारात पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, रिपोर्ट खोटाच कमी येतो. लोह कमी असलेल्या बाईचा उलट जास्त येऊ शकतो. सिकलसेलच्या वाहकांमध्ये रिपोर्ट किती खरा, हे लॅबच्या पद्धतीवर ठरते. ताईंचा हेका एकच: अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर पाहा. काकांनी शेवटी मान डोलावली. माझ्या मते आधीच डोलवायला हवी होती.

भाऊ मात्र गोळीवरून हटले नाहीत. बीपी 130 पर्यंत उतरलं की लोक गोळी बंद करतात आणि पाठदुखीला डायक्लोफेनॅक मागतात, जे स्वतःच बीपी वाढवते.

"अन् शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी निंदणाला जातात, त्याचं?" ताई. शुगर फार उतरून घाम, थरथर, चक्कर आली की 3 चमचे साखर पाण्यात घोळून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच नाही, 108 ला फोन. चतुर्थीच्या उपवासाला कोणती गोळी गाळायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

"अन् गोळी बंद करतात कारण उपकेंद्रात गोळ्या संपतात!" ताई पुन्हा उसळल्या. बीपीच्या अॅम्लोडिपिनची रोज एक गोळी घेणारे 100 रुग्ण म्हणजे महिन्याला 3000 गोळ्या. मागणी मागच्या महिन्याच्या खपावर लावली, तर नवीन नोंदलेल्यांच्या गोळ्या येणार कुठून?

भाऊ खिशातून पेन काढून पानाच्या कागदावर गुणाकार करू लागले.