त्या रात्री तू कुठे होतास?

इंग्लंडमधल्या रेडिंगला कामावरून घरी येताना जुन्या तुरुंगाची लाल विटांची भिंत लागते. लेखक ऑस्कर वाइल्डने सक्तमजुरीची शेवटची दीड वर्षं इथे काढली. गुन्हा काय, तर पुरुषावर प्रेम.

गेल्या महिन्यात व्हिक्टोरियन लंडनमधली एक खूनकथा वाचली. तपास करणारा हौशी गृहस्थ समलिंगी, पण हे कुणालाच ठाऊक नाही. घरच्या ग्रुपवर तिच्याबद्दल लिहिलं, तर मावसभावाचं लगेच उत्तर: "आता खूनकथेतही हे घुसडायचं? त्या काळी असलं काही नव्हतं." खाली चार अंगठे.

मला ते लागलं. नव्हतं कसं? 1835 साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांना याच कारणासाठी फाशी दिलं. 1885 च्या कायद्याने तर बंद दाराआडची जवळीकही गुन्हा ठरवली. धमकावून पैसे उकळणाऱ्यांचं इतकं फावलं की लोक त्या कलमाला त्यांचीच सनद म्हणू लागले. एखादं पत्र चुकीच्या हाती पडलं की माणूस आयुष्यातून उठायचा.

त्या कथेत नायकाने खुन्याला पळताना पाहिलंय, पण साक्ष द्यायची तर स्वतः त्या गल्लीत रात्री दोनला काय करत होता, हे सांगावं लागेल. पोलिसांकडे जाता येत नाही, म्हणून तोच शोध घेतो. त्याचं गुपित काढून घेतलं तर कथाच उरत नाही. शिवाय सतत सावध राहिलेल्या माणसाला समोरच्याची थाप चटकन कळते. माझा पुण्यातला एक मित्र 'रूममेट'बरोबर नऊ वर्षं राहतोय. घरी पाहुणे यायचे म्हटलं की दुसऱ्या खोलीतली गादी विस्कटून ठेवतो. ती सावध नजर मी त्याच्याकडे पाहिली आहे.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, असंही ग्रुपवर आलं. पण तिथून आपल्याकडे आलं ते असे संबंध गुन्हा ठरवणारं 1860 च्या दंडसंहितेतलं 377 कलम. इंग्लंडने आपला कायदा 1967 साली सैल केला, आपल्याकडे 2018 उजाडलं. इथे इंग्लंडात 2014 पासून समलिंगी लग्नं होतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली त्यांना मान्यता नाकारली, आणि मित्राची गादी अजून विस्कटतेच आहे.

मला अशी कथा मराठीत वाचायची आहे. 1897 चं पुणं, प्लेग, घराघरांत शिरून सामान उपसणारे गोरे सोल्जर. शेजारच्या वाड्यात खून झालाय, खुनी कोण ते एका तरुण मास्तराला कळलंय, आणि त्याच्या ट्रंकेत तळाशी पत्रांचा एक गठ्ठा आहे.