उंदराची पिलं आणि आपली दहावीची मुलं

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, फोंड्यापासून डिचोलीपर्यंत, एक संदेश फिरतोय : "उंदरांच्या पिलांवर सिद्ध झालंय! ओमेगा-३, कोलीन आणि ब्राह्मीने स्मरणशक्ती दुप्पट होते. दहावीच्या मुलांना आजच सुरू करा. नैसर्गिक आहे, अपाय शून्य." मी विज्ञान शिकवते. मुलांच्या आया विचारतात, "बाई, देऊ का?" म्हणून हे उत्तर.

कोलीन हे अंड्यांसारख्या खाण्यातून मिळणारं एक पोषकद्रव्य. त्याचे प्रयोग खरे आहेत. अमेरिकेत वॉरन मेक आणि क्रिस्टिना विल्यम्स या संशोधकांनी उंदराच्या गाभण माद्यांना जादा कोलीन दिलं, तेव्हा त्यांची पिलं मोठेपणीही चक्रव्यूहातली वाट लक्षात ठेवण्यात सरस ठरली. पण ते दिलं कधी? गर्भाच्या साधारण १२व्या ते १७व्या दिवसात. उंदराचं गर्भारपणच जेमतेम तीन आठवड्यांचं, आणि हे दिवस मेंदूत हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, घडण्याचे. पंधरा वर्षांच्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर दिलेल्या गोळीशी याचा काय संबंध?

ओमेगा-३ म्हणजे माशांतून मिळणारा स्निग्ध घटक. त्याच्या बाबतीत तर तुलनाच नीट पाहायला हवी. पुष्कळ प्रयोगांत एका गटाला मुद्दाम ओमेगा-३ नसलेलं खाणं देतात. मग ओमेगा-३ मिळालेली पिलं पुढे जाणारच. ती उणीव भरून निघाली, बुद्धी वाढली नाही. आपल्याकडे बांगडा, तारली ताटात येते, त्या घरात ही उणीव गृहीत धरायचं कारण नाही. माणसाच्या मुलांवरही पाहिलंय : ऑक्सफर्डच्या २०१२च्या चाचणीत वाचनात फार मागे असलेल्या मुलांना थोडा फायदा दिसला, पण २०१८मध्ये तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा तो दिसला नाही.

'दुप्पट' हा शब्द कुठून आला, कळत नाही. बऱ्याच प्रयोगांत मोजतात ते पोहणाऱ्या उंदराला गढूळ पाण्याखालचा चौथरा सापडायला लागलेले सेकंद. इतिहासाच्या सनावळ्या नव्हेत.

ब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत उंदरांवर काम झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या २००१च्या चाचणीत काही कसोट्यांवर सुधारणा दिसली, पण ती प्रौढांमध्ये, बारा आठवडे रोज घेतल्यावर. शिवाय आपण ब्राह्मी म्हणतो ती कधी नीरब्राह्मी असते, कधी एकपानी. वनस्पती दोन, नाव एक. डबीत कुठली आहे, ते आधी वाचा.

"अपाय शून्य" मात्र मला खरोखर अस्वस्थ करतं. २००४मध्ये बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं, म्हणजे ज्यासाठी गोळी द्यायची त्याच्याच मुळावर!

मूल फिकट दिसत असेल, जिने चढताना दमत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या कमतरतेने लक्ष आणि शिकणं खरोखर मंदावतं. ती आढळली तर डॉक्टर लोहाची गोळी देतील. ती अवश्य द्या.