आते रिकामाच शेतस ना, भाऊ?

"मग काका, रिटायर झाल्यावर सगळ्यात जास्त मजा कशाची येते?" हा प्रश्न मला पहिल्यांदा न्हाव्यानं विचारला. वस्तरा गळ्यावर असताना माणसानं वाद घालू नये, म्हणून मी "आरामाची" म्हणालो. तेव्हापासून तेच उत्तर चालू आहे. ते खोटं आहे हे फक्त मला आणि आमच्या गच्चीवरच्या कावळ्यांना माहीत आहे.

माझी खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. आई म्हणायची, "आखाजीचे झोके बांधले होते आणि तू झालास." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. पण १९७१ साली शाळेत नाव घालताना गुरुजींनी चष्म्यावरून माझी उंची पाहिली आणि १ जून १९६५ ठोकून दिली. माझ्या पिढीतली निम्मी कचेरी १ जूनलाच जन्मलेली आहे. पहिल्या तारखेला जन्मलेल्याला सरकार आदल्या महिन्याच्या शेवटी घरी पाठवतं, त्यामुळे ३१ मे २०२३ला आम्ही पाच जण एकदमच सुटलो. निरोप समारंभ जळगावात, दुपारी ३ वाजता, पत्र्याच्या हॉलमध्ये. बाहेर ४३ अंश. आणि साहेबांनी आमच्या अंगावर शाली घातल्या, त्याही लोकरीच्या. भाषणं संपेपर्यंत शाल काढायची नसते. फोटोत आम्ही पाचही जण डोळे पुसताना दिसतो. बघणाऱ्यांना गहिवर वाटतो, पण तो घाम आहे.

मी अमळनेरचा. ३१ वर्षं अमळनेर-जळगाव अपडाउन केलं. अपडाउनवाल्याचं आयुष्य घड्याळावर नाही, गाडीवर चालतं. गाडी चुकली की लेटमार्क, तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेली. मी एका पायात मोजा आणि एक मोजा खिशात अशा अवस्थेत फलाटावर पळालेलो आहे. धरणगाव येईपर्यंत दम खायचा, पाळधीपर्यंत रुमालावर पत्त्यांचा एक डाव, की जळगाव. झोपेत सुद्धा मला गाडी चुकल्याचीच स्वप्नं पडायची. बायको सांगते, मी एकदा रात्री अडीचला उठून पलंगाच्या दांडीला लटकलो होतो.

तर असा मनुष्य घरी बसला. घरी 'बसला' हा शब्द लोक फार शब्दशः घेतात.

पहिल्याच आठवड्यात बायकोला घेऊन एसटीनं धुळ्याला निघालो. कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट दिलं, महिलांना मार्चपासून सवलत सुरू झाली होती. मी ऐटीत म्हणालो, "मी पण रिटायर्ड." तो म्हणाला, "पासष्ट पूर्ण झाले का?" नव्हते. म्हणजे एका खात्याच्या हिशेबानं मी नोकरीला म्हातारा आणि दुसऱ्याच्या हिशेबानं सवलतीला पोरगा. बँकेत ठेवीवर ज्येष्ठ नागरिकाचं व्याज मागितलं, तिथल्या मुलीनं सांगितलं, "काका, साठ झाल्यावर या." मधली ही वर्षं माणसाचं नेमकं वय काय असतं, यावर एखादा शासन निर्णय निघायला हवा.

मग मंगळवार सुरू झाले. आमच्या गावात मंगळग्रहाचं मंदिर आहे आणि मंगळवारी तिथे कुठून कुठून लोक येतात. पूर्वी मंगळवारी मी कचेरीत असायचो, त्यामुळे नातेवाईक परस्पर दर्शन घेऊन परस्पर जायचे. आता त्यांना कळलं की दाजी घरीच असतात. "म्हटलं तुम्ही रिकामेच असाल, म्हणून तुमच्याकडे गाडी लावली." गाडी लावायची, चपला काढायच्या, मला पुढे घालून मंदिरात न्यायचं. लग्न न जमणाऱ्या एका भाच्यासाठी मी चार मंगळवार रांगेत उभा राहिलो. त्याचं जमलं, लग्नाला मला आहेर आणायला सांगितला. माझ्या नशिबात मंगळ नव्हता, तो पेन्शनबरोबर लागू झाला.

पण हे सगळं किरकोळ. खरी नोकरी लागली ती पुढच्या एप्रिलमध्ये, बिबड्यांवर.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड: ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, भरडायची, मग तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, तीळ, जिरं, मिरची. तो गरम असतानाच ओल्या कापडावर थापून कडक उन्हात वाळवायचा. वाचायला सोपं आहे. पातेलंभर घाटा पहाटे ५ वाजता हलवणं म्हणजे मुरूम उपसण्यासारखं आहे, आणि ते पुरुषाचं काम आहे हा शोध आमच्या घरात ३१ मे २०२३ नंतरच लागला. मजुरी म्हणून वाटीभर गरम घाटा आणि त्यावर कच्चं तेल मिळतं. ती मजुरी मात्र चोख आहे, तक्रार नाही.

थापून झाल्यावर बायका खाली गेल्या आणि मला गच्चीवर राखण बसवलं. हातात काठी, डोक्यावर उपरणं, वर ४४ अंश. समोरच्या जिजींनी खालून मान वर केली. "भाऊ, आते रिकामाच शेतस ना?" मी हो म्हणण्याआधीच त्यांचे बिबडे वर आले. जिजींचे आलेले पाहून मागच्या गल्लीतल्या वहिनींचेही आले. दहा वाजता मी तीन घरांचा सामाईक राखणदार झालो होतो. कावळे ठरल्या वेळी हजर. एक कठड्यावर बसून माझं लक्ष वेधायचा, दुसरा पलीकडून उचलायचा. असा समन्वय ३१ वर्षांत आमच्या दोन टेबलांमध्ये मी पाहिला नाही.

दोनच्या सुमाराला वावटळ आली. बोरी नदीच्या कोरड्या पात्राकडून धुळीचा एक खांब फिरत फिरत आला, आणि जिजींची जुनी साडी बिबड्यांसकट उठली. मी तिचं टोक धरलं. तेवढ्यात वहिनींचं धोतर उठलं, त्यावर पाय ठेवला. आमची चादर मोकळीच होती, ती गेली. वावटळ गेल्यावर गच्चीभर बिबडे, आणि कोणता कोणाचा याचा काहीही पुरावा नाही.

तिघी वर आल्या. मी शांतपणे सांगितलं की घाबरू नका, कागद लावायचं काम मी आयुष्यभर केलं आहे. जिजींच्यात लसूण जास्त, वहिनींच्यात तीळ जास्त, आमच्यात मीठ कमी. या निकषावर एकेक तुकडा तोडून, चाखून मी तीन ढीग लावले. दीड तास लागला. तिघींनी आपापला ढीग चाखला आणि तिघींनीही तो दुसरीचा आहे म्हणून सांगितलं. जिजी जिन्यात थांबून म्हणाल्या, "भाऊ, सरकारनी तुम्हले इतला साल पगार कसाना दिन्हा?"

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. संध्याकाळी मला ताप आला. तो उन्हाचा की पोटभर अर्धओल्या बिबड्यांचा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो तर यंत्र माझा थंब घेईना. आदल्या रात्री मळ्यात भरीत पार्टी होती. बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, आणि सोलायला कोण? रिकामा माणूस. दहाही बोटं पोळली होती. तिथला मुलगा म्हणाला, "काका, यंत्राला तुम्ही सापडत नाही." शेवटी डोळा दाखवून जिवंत झालो.

तरी न्हाव्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे माझ्याजवळ, फक्त घरात सांगत नाही. मंगळवार सोडून बाकीच्या सकाळी मी "दूध आणतो" म्हणून निघतो आणि स्टेशनवर जातो. चहा घेऊन बाकावर बसतो. जळगावची गाडी लागते. ओळखीची माणसं पळत येतात, एखाद्याच्या तोंडात अजून पोळी असते. आमच्या डब्यातले जुने गडी खिडकीतून हाका मारतात, "या भाऊ, जागा धरलीय!" मी नुसता हात हलवतो. भोंगा होतो, गाडी हलते. माझे पाय आपोआप ताठ होतात. मी त्यांना खाली दाबून धरतो. शेवटचा डबा फलाटाच्या बाहेर जातो. मग मी दुसरा चहा सांगतो.

परवा चहावाल्या नव्या पोरानं कळवळून विचारलं, "चुकली का काका?"

"चुकली."

"मग आता?"

"आता उद्या."